जिंकलेला दावा : ‘द फार्न्सवर्थ इन्व्हेन्शन’ वाचण्यापूर्वी

संशोधकावर नाटक लिहायला बसणाऱ्याची पहिल्याच पानावर पंचाईत होते. राजा लढाईवर जातो, संत छळ सोसतो, गवई गातो. नाटककाराच्या हाती दिसण्या-ऐकण्याजोगं काहीतरी लागतं. संशोधक मात्र वर्षानुवर्षं एका खोलीत टेबलाशी बसलेला असतो आणि जे काही घडतं ते त्याच्या डोक्यात घडतं. काच तडकते, तार जळते, आकडेमोड चुकते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रेक्षकाने हे दोन तास का पाहावं? टेलिव्हिजनच्या जन्मावर अ‍ॅरन सॉर्किन या अमेरिकन लेखकाने लिहिलेलं ‘द फार्न्सवर्थ इन्व्हेन्शन’ हे नाटक या प्रश्नाला फार समर्थपणे भिडतं. आणि एका जागी, माझ्या मते सगळ्यात मोक्याच्या जागी, ते इतिहासाशी प्रतारणा करतं. इंग्रजीतलं हे नाटक वाचायला घेणाऱ्या मराठी वाचकाला दोन्ही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सॉर्किन आपल्याकडे ओळखीचा आहे तो ‘अ फ्यू गुड मेन’ आणि ‘द सोशल नेटवर्क’ या चित्रपटांमुळे. उलटतपासणी, खडाजंगी, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याने ते उचलणं, ही त्याची खासियत. फार्न्सवर्थची कथा त्याने आधी चित्रपटासाठी लिहिली होती, मग तिचं नाटक केलं. २००७ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ला होया प्लेहाऊसमध्ये ते उभं राहिलं आणि त्याच वर्षी ब्रॉडवेच्या म्युझिक बॉक्स थिएटरात आलं. दिग्दर्शक डेस मॅकअनफ. डेव्हिड सार्नॉफ झाला होता हँक अझारिया आणि फिलो फार्न्सवर्थ झाला होता जिमी सिम्पसन. नेमका तेव्हाच ब्रॉडवेच्या रंगमंच-कामगारांचा संप झाला. शुभारंभ लांबला, ३ डिसेंबरला झाला आणि २ मार्च २००८ ला प्रयोग बंदही पडले. ब्रॉडवेच्या हिशेबात हे नाटक चाललं नाही. संहिता मात्र मागे राहिली, आणि ती वाचताना जाणवतं की हिचं आयुष्य तिकीटबारीने ठरवण्यासारखं नव्हतं.

आता ज्याच्यावर हे नाटक आहे त्याच्याविषयी. फिलो टेलर फार्न्सवर्थचा जन्म १९ ऑगस्ट १९०६ चा, युटा राज्यातल्या बीव्हर गावाजवळच्या एका ओंडक्यांच्या घरातला. मॉर्मन पंथाचं शेतकरी कुटुंब. फिलो बारा-तेरा वर्षांचा असताना हे बिऱ्हाड आयडाहोतल्या रिग्बीला आलं. इथल्या शेतावर विजेचं स्वतःचं जनित्र होतं, आणि माळ्यावर विज्ञानाच्या मासिकांचा गठ्ठा पडलेला होता. खेड्यातल्या हुशार पोराला एवढी सामग्री पुरली. जनित्र बिघडलं की दुरुस्त करायला मोठी माणसं त्यालाच हाक मारू लागली.

चौदाव्या वर्षी घोड्यांच्या औतामागे बटाट्याच्या शेतात चालताना त्याने वळून पाहिलं, तर मागे एकाखाली एक सरळ तास पडत गेलेले. फार्न्सवर्थ कुटुंबात ही गोष्ट जन्मभर सांगितली गेली. चित्रही असंच तासातासाने ‘नांगरता’ येईल, एक ओळ डावीकडून उजवीकडे, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची, असं त्याला त्या शेतात सुचलं. आणि नांगर म्हणून वापरायचा तो इलेक्ट्रॉन, कारण त्याला वजन जवळजवळ नाही आणि चुंबकाने तो हवा तसा वळवता येतो. १९२२ साली रिग्बीच्या शाळेत रसायनशास्त्राचे शिक्षक जस्टिन टोलमन यांच्यासमोर त्याने ही सगळी योजना फळ्यावर मांडली, आणि वहीच्या एका पानावर आकृती काढून त्यांना दिली. ते पान टोलमनमास्तरांनी जपून ठेवलं. त्या पानाला पुढे किती मोल येणार होतं, ते तेव्हा दोघांनाही माहीत असणं शक्य नव्हतं.

या कल्पनेचं नवेपण लक्षात यायचं तर तोवरचे प्रयत्न पाहायला हवेत. १८८४ पासून पॉल निपकोव्हची चकती लोकांना ठाऊक होती. भोकं पाडलेली तबकडी गरगर फिरवायची आणि एकेका भोकातून चित्राचा एकेक ठिपका पकडायचा. जॉन लोगी बेअर्डने जानेवारी १९२६ मध्ये लंडनला याच मार्गाने जाणकारांना हलती चित्रं दाखवली, आणि त्याचं श्रेय त्याचंच आहे. पण तबकडीला वेगाची मर्यादा असते. चित्र बारकाईने दिसायला हवं असेल तर ती इतकी मोठी आणि इतकी वेगवान करावी लागते की यंत्रच हात टेकतं. फार्न्सवर्थच्या योजनेत फिरणारा एकही भाग नव्हता. काचेच्या निर्वात नळीत एका टोकाला प्रकाशाने उत्तेजित होणारा मुलामा दिलेली पट्टी. भिंगातून त्या पट्टीवर दृश्य पडलं की जिथे उजेड जास्त तिथून जास्त इलेक्ट्रॉन सुटतात, जिथे अंधार तिथून कमी. म्हणजे दृश्याची एक अदृश्य, इलेक्ट्रॉनांची प्रतिमा तयार होते. नळीभोवतीच्या चुंबकीय वेटोळ्यांनी ही अख्खी प्रतिमा डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकवायची, आणि समोरच्या एका बारीक भोकासमोरून ती ओळीओळीने न्यायची. भोकात शिरणारे इलेक्ट्रॉन म्हणजे त्या क्षणीच्या एका ठिपक्याचा उजेड. त्यांचा विद्युतप्रवाह करून पाठवायचा आणि दुसऱ्या टोकाला पडद्यावर पुन्हा तशाच ओळी लिहायच्या. या नळीला त्याने ‘इमेज डिसेक्टर’ म्हटलं.

वडील १९२४ मध्ये वारले. शिक्षण अर्धवट राहिलं. पैसा आला तो जॉर्ज एव्हरसन आणि लेस्ली गोरेल या निधी गोळा करून देणाऱ्या दोन गृहस्थांकडून. आधी त्यांचे स्वतःचे ६,००० डॉलर, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या बँकवाल्यांचे २५,०००. १९२६ च्या मे महिन्यात त्याने एल्मा गार्डनरशी लग्न केलं. तिला सगळे पेम म्हणत. प्रयोगशाळेत ती आकृत्या रेखायची, जोडणीची कामं करायची. तिचा भाऊ क्लिफ काचकाम शिकला आणि कसबी कारागीर ज्या नळ्या होणार नाहीत म्हणत होते त्या फुंकू लागला. ७ जानेवारी १९२७ ला पेटंटचा अर्ज दाखल झाला, तेव्हा फार्न्सवर्थला एकविसावं लागलेलं होतं.

आणि मग ७ सप्टेंबर १९२७, सॅन फ्रान्सिस्को, २०२ ग्रीन स्ट्रीट. एका खोलीत क्लिफ आणि त्याच्यापुढे झगझगीत दिवा. दुसऱ्या खोलीत फिलो, पेम आणि एव्हरसन एका छोट्या गोल पडद्याकडे टक लावून बसलेले. क्लिफच्या हातात काळी केलेली एक काच, मधोमध एक सरळ रेघ ओरखडलेली. त्याने ती दिव्यासमोर धरली. पडद्यावर उजेडाची लकेर उमटली, थरथरली, फिलोने बटणं फिरवली तशी स्थिरावली. तेवढ्याने सिद्ध काहीच होत नव्हतं. विजेच्या गोंधळातूनही पडद्यावर रेघ उमटू शकते. मग फिलोने पलीकडे ओरडून क्लिफला काच फिरवायला सांगितली. काच काटकोनात फिरली आणि पडद्यावरची रेघही फिरली. पलीकडच्या खोलीतली वस्तू हलली ती इकडे हलताना दिसली, आणि मध्ये तारेखेरीज काही नव्हतं.

रंगमंचाच्या दृष्टीने याहून उत्तम प्रसंग सापडणं कठीण. नाटकात हा प्रसंग अर्थातच आहे, आणि तिथवर येताना सॉर्किनने जी तयारी केली आहे ती शिकण्यासारखी आहे. काय बिघडू शकतं हे त्याने आपल्याला आधीच समजावून दिलेलं असतं. उजेड कमी पडतो, नळी फुटते, पैसे संपत येतात, सावकार जिने चढून येतात. त्यामुळे एका क्षुल्लक रेघेसाठी प्रेक्षक श्वास रोखतो. यंत्राचं कार्य समजल्याशिवाय त्याच्या यशाचा आनंद होत नाही, हे ओळखून त्याने शास्त्राला संवादात आणलं. आपल्याकडे विज्ञानावरच्या नाटकांत बरेचदा शास्त्र टाळून संशोधकाच्या घरातली भांडणं रंगवली जातात. सॉर्किन तसं करत नाही.

त्याची दुसरी युक्ती याहून मोठी. नाटकाला दोन सूत्रधार आहेत आणि ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. सार्नॉफ सांगतो फार्न्सवर्थची गोष्ट आणि फार्न्सवर्थ सांगतो सार्नॉफची. मध्येच एक जण दुसऱ्याला अडवतो, हे असं झालं नव्हतं म्हणतो, प्रेक्षकांकडे वळून दुरुस्ती करतो. दशावतारापासून वगनाट्यापर्यंत प्रेक्षकांशी थेट बोलणारं पात्र ज्या मराठी माणसाने पाहिलंय त्याला ही रीत मुळीच परकी वाटणार नाही. तिचा इथला उपयोग मात्र वेगळा आहे. ज्याने आपल्याला बुडवलं त्याच्याच तोंडून आपलं बालपण ऐकायचं, ही फार्न्सवर्थची नियती होते. आणि सार्नॉफला प्रतिस्पर्ध्याची बाजू मांडता मांडता ती समजून घ्यावीच लागते.

कारण सार्नॉफ हा खलनायक नाही, आणि वाचकाने त्याला तसं वाचू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. रशियन साम्राज्यात मिन्स्कजवळच्या खेड्यात १८९१ साली जन्मलेला हा ज्यू मुलगा नऊ वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला. इंग्रजीचा गंध नव्हता. रस्त्यावर वर्तमानपत्रं विकून घर चालवलं, १९०६ साली मार्कोनी कंपनीत हरकाम्या म्हणून लागला आणि १९३० मध्ये रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेचा, म्हणजे ‘आरसीए’चा, अध्यक्ष झाला. घराघरात संगीत पोचवणारी पेटी म्हणून रेडिओकडे पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो होता. १९१२ मध्ये बुडत्या टायटॅनिकच्या बातम्या तारयंत्रावर आपण एकट्याने टिपल्या, ही त्याची कहाणी मात्र त्यानेच पुढे फुगवली. स्वतःची आख्यायिका घडवणारा माणूस आणि आपली गोष्ट नीट सांगताही न येणारा माणूस, अशी ही जोडी आहे.

दोघांमध्ये तिसरा उभा आहे, व्लादिमिर झ्वोरिकिन. सेंट पीटर्सबर्गला बोरिस रोझिंगच्या हाताखाली शिकलेला, १९२३ मध्येच विद्युत-टेलिव्हिजनच्या पेटंटचा अर्ज केलेला, पण चालणारं यंत्र हाती नसलेला. एप्रिल १९३० मध्ये तो ग्रीन स्ट्रीटला आला. फार्न्सवर्थने त्याला सगळं मनमोकळेपणी दाखवलं. डिसेक्टरची नळी हातात घेऊन झ्वोरिकिनने, ही मी शोधली असती तर किती बरं झालं असतं, अशा अर्थाचे उद्गार काढले, असं तिथे हजर असलेल्यांनी सांगून ठेवलंय. पुढच्या वर्षी सार्नॉफ स्वतः प्रयोगशाळा पाहून गेला. फार्न्सवर्थ तेव्हा तिथे नव्हता. सगळ्या कारभारासकट फार्न्सवर्थलाही विकत घ्यायचं म्हणून एक लाख डॉलर देऊ केले गेले. नकार आला. मग झ्वोरिकिनचा १९२३ चा अर्ज पुढे करून आरसीएने प्राथम्याचा वाद उभा केला.

इथे आपण नाटकाच्या दुखऱ्या जागी येतो. सॉर्किनच्या नाटकात फार्न्सवर्थ हा दावा हरतो. प्रत्यक्षात तो जिंकला होता. टोलमनमास्तर साक्षीला उभे राहिले. शाळकरी पोराने आपल्याला काय शिकवलं होतं ते त्यांनी सांगितलं, आणि ते जपलेलं वहीचं पान पुढे आलं. त्या पानाने तारखेचा कायदेशीर पुरावा पुरता झाला नाही, तरी निकाल फार्न्सवर्थच्याच बाजूने लागला, कारण १९२३ साली झ्वोरिकिनकडे चालणारी नळी होती हे आरसीएला दाखवता आलं नाही. अपिलातही तोच निकाल कायम राहिला. आणि १९३९ मध्ये, दुसऱ्याला स्वामित्वधन न देण्याबद्दल ख्याती असलेल्या आरसीएने फार्न्सवर्थशी करार करून दहा लाख डॉलर आणि वर स्वामित्वधन द्यायचं कबूल केलं.

सॉर्किनवर तेव्हाच टीका झाली आणि ती रास्त होती. नाटककाराला स्वातंत्र्य असतं हे मान्य. दहा वर्षं दोन तासांत आणायची तर प्रसंग जोडावे लागतात, माणसं गाळावी लागतात, न झालेली संभाषणं रचावी लागतात. त्याबद्दल कुणी तक्रार करू नये. पण खऱ्या माणसाचं खरं नाव घेऊन त्याचा निकाल उलटा करणं वेगळं. वसंत कानेटकरांनी ‘हिमालयाची सावली’ लिहिलं तेव्हा महर्षी कर्वे आणि बाया कर्वे हे त्यांच्या डोळ्यांपुढे होते, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत होतं. तरी रंगमंचावर आले ते नानासाहेब भानू आणि बयो. नाव बदलताच कानेटकरांना कल्पनेचा मोकळा हात मिळाला आणि कर्व्यांच्या चरित्राला धक्का लागला नाही. डॉ. लागूंच्या भानूंमध्ये प्रेक्षकांनी कर्वे पाहिले ते आपल्या जबाबदारीवर. सॉर्किनला हा मार्ग खुला होता. त्याने नावं ठेवली, सनावळ्या ठेवल्या, पेटंटची भाषा ठेवली, आणि निकाल तेवढा बदलला. ज्या माणसाचं नाव जग आधीच विसरलं होतं, त्याच्या पदरातला एकमेव निर्विवाद विजय यात गेला. पेम एप्रिल २००६ मध्ये, ९८ व्या वर्षी वारली. नवऱ्याचं श्रेय त्याला मिळावं म्हणून ती त्याच्यामागे पस्तीस वर्षं झगडली होती. त्या बाईच्या हयातभराच्या मेहनतीनंतर पुढच्याच वर्षी हा निकाल ब्रॉडवेवर फिरवला गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि नाटक म्हणूनही हा तोटाच आहे, असं माझं ठाम मत आहे. एकट्या पोराला मोठ्या कंपनीने न्यायालयात चिरडलं, ही गोष्ट आपण शंभरदा ऐकलेली आहे. पोरगा न्यायालयात जिंकला आणि तरीही त्याच्या हाती काही लागलं नाही, ही गोष्ट क्वचित ऐकायला मिळते. हिशेब साधा आहे. अमेरिकन पेटंटची मुदत तेव्हा मंजुरीपासून १७ वर्षांची. फार्न्सवर्थचं मूळ पेटंट, क्रमांक १,७७३,९८०, मंजूर झालं २६ ऑगस्ट १९३० ला. म्हणजे ते संपणार १९४७ च्या ऑगस्टमध्ये. यातली पहिली काही वर्षं दाव्यात आणि अपिलात गेली. आरसीएशी करार झाला त्याच सुमारास युरोपात महायुद्ध पेटलं. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये टेलिव्हिजन संचांचं उत्पादन थांबवण्यात आलं, कारखाने रडारकडे वळले. युद्ध संपून दुकानांत संच दिसू लागले तोवर पेटंटची घटका भरत आली होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक घरांत टेलिव्हिजन होता, आणि त्यातल्या एकाही संचामागे त्या मूळ पेटंटचा पैसा फार्न्सवर्थला मिळत नव्हता. ज्या दिवशी निकाल हाती येतो त्याच दिवशी मुदतीचे किती महिने उरले हे मोजणारा वकील, एवढं एक पात्र पुरेसं होतं. सॉर्किनसारख्या कसलेल्या लेखकाने हा तिसरा अंक सोडून द्यावा, याचं नवल वाटतं.

त्यानंतरचं आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण नाटक तिथे फार रेंगाळत नाही. नैराश्य, दारू, ढासळलेली प्रकृती, आणि १९४९ मध्ये कंपनीची आयटी अँड टी या समूहाला विक्री. तरी काम सुटलं नाही. साठच्या दशकात तो अणुसंमीलनाच्या एका छोट्या उपकरणावर झटत होता. जुलै १९५७ मध्ये ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या लोकप्रिय टेलिव्हिजन कार्यक्रमात तो पाहुणा म्हणून आला. पाहुण्याचं गुपित ओळखायचं, असा तो खेळ. त्याचं गुपित होतं की चौदाव्या वर्षी आपण विद्युत-टेलिव्हिजनची कल्पना मांडली. परीक्षकांपैकी एकाने विचारलं, तुमचं यंत्र वापरताना वेदना होतात का? कधीकधी फारच होतात, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. कुणालाही गुपित ओळखता आलं नाही. बक्षीस मिळालं ८० डॉलर आणि सिगारेटचा एक खोका. ११ मार्च १९७१ ला तो गेला. सार्नॉफ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं ते पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे मराठी घरांत चित्र दिसू लागलं तेव्हा या कथेतले दोघेही नायक नुकतेच पडद्याआड गेले होते.

एक गोष्ट फार्न्सवर्थच्या चाहत्यांनाही मान्य करावी लागेल. त्याचा डिसेक्टर प्रकाशाचा फार भुकेला होता. भोकात शिरणाऱ्या ठिपक्याखेरीज बाकी साऱ्या इलेक्ट्रॉनांचा त्या क्षणी उपयोग होत नसे, ते वाया जात. झ्वोरिकिनच्या ‘आयकॉनोस्कोप’ या नळीत प्रत्येक ठिपक्यावरचा भार पुढची फेरी येईपर्यंत साठत राहायचा, त्यामुळे कमी उजेडातही चित्र निघे. हंगेरीच्या काल्मान तिहान्यीने हे साठवणुकीचं तत्त्व १९२० च्याच दशकात मांडलं होतं. आणि प्रयोगशाळेतली नळी घराघरात न्यायला सार्नॉफने ओतलेला अफाट पैसा लागला, हेही खरं. टेलिव्हिजनचा जनक कोण, या प्रश्नाचं एका नावात उत्तर देणारं कुणीही काहीतरी लपवत असतं. नाटकाने दोन सूत्रधार घेतले ते यासाठी योग्यच.

वाचताना एक करावं. पहिला अंक सलग, मोठ्याने, शक्य तर चौघांत वाटून वाचावा. सॉर्किनची लय डोळ्यांनी वाचून कळत नाही. वाक्यं तुकड्यांत येतात, एकमेकांवर चढतात, आणि नट कमी व भूमिका अनेक असल्याने एकच माणूस बँकवाला, शिक्षक, वकील असा झपाट्याने बदलत जातो. दुसऱ्या अंकात निकालाच्या प्रसंगाशी आलात की पुस्तक थोडा वेळ मिटावं, टोलमनमास्तरांच्या वहीचं पान आठवावं आणि खरा निकाल मनात तिथे लिहावा. मग पुढचे प्रसंग त्या निकालासह वाचावेत. संवाद बव्हंशी तेच राहतील, पण फार्न्सवर्थच्या तोंडी ते फार वेगळे ऐकू येतील. हे नाटक मराठीत करू पाहणाऱ्या दिग्दर्शकाने हक्कधारकांची परवानगी घेताना खऱ्या निकालाची एवढी एक टीप प्रयोगाच्या पत्रिकेत छापण्याची मुभाही मागून घ्यावी.